आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला आहे : पुढचे उपचार कशावरून ठरतात?

वृंदा_स | सोमवार, सकाळी ७:४०

नमस्कार. माझ्या वडिलांना (वय ६१) मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, सिग्मॉइड भागात, कर्करोग असल्याचे पंधरा दिवसांपूर्वी कोलोनोस्कोपीत दिसले. बायोप्सीने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि सीटी स्कॅनमध्ये यकृतात चार गाठी सापडल्या. तीन उजव्या भागात आहेत, एक डाव्या भागात, आणि सर्वांत मोठी साडेतीन सेंटिमीटरची आहे. फुप्फुसे स्वच्छ आहेत. डॉक्टर म्हणाले, "आधी केमो देऊ, दोन महिन्यांनी स्कॅन करू आणि मग बघू."

त्या 'मग बघू'पाशी मी अडकून बसले आहे. चौथी अवस्था म्हणजे सगळे मार्ग बंद झाले, असे नातेवाईक म्हणतात. शस्त्रक्रिया आधी का करत नाहीत? इम्युनोथेरपी आणि टार्गेटेड औषधे नेमकी कोणासाठी असतात? वडील अजून रोज सकाळी चार किलोमीटर चालतात, त्यांचे पोट साफ होते, रक्तस्राव थांबला आहे. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

अनुपमा_जो | सोमवार, सकाळी ८:२५

वृंदा, सर्वप्रथम त्या नातेवाइकांचे म्हणणे मनातून काढून टाका. माझ्या आईला नेमका हाच आजार होता, तिच्या यकृतात दोन गाठी होत्या, आणि त्याला आता सात वर्षे झाली. केमो, मग यकृताची शस्त्रक्रिया, दीड वर्षाने पुन्हा एक गाठ, ती सुईने जाळली, आणि त्यानंतर अजून तरी काही नाही. सगळ्यांचे असेच होते, असा माझा अजिबात दावा नाही. पण 'चौथी अवस्था' या एका नावाखाली फार वेगवेगळी माणसे येतात. यकृतात दोन गाठी असलेला रुग्ण आणि यकृत, फुप्फुसे, पोटाचे आवरण अशा सगळीकडे आजार असलेला रुग्ण यांच्या कागदावर अवस्था एकच लिहिलेली असते.

तुम्ही डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. एक, या उपचाराचे उद्दिष्ट काय : गाठी काढता येतील इथवर नेणे, की आजार शक्य तितका काळ आटोक्यात ठेवणे? दुसरा, बायोप्सीच्या तुकड्यावर जनुकीय तपासण्या पाठवल्या आहेत का?

नीलकंठ_६८ | सोमवार, सकाळी ९:१०

माझे मत वेगळे आहे. मूळ गाठ शरीरात ठेवून वरवर औषधे देत बसणे मला पटत नाही. माझ्या धाकट्या भावाची आतड्यातली गाठ आधी काढली आणि मग केमो दिली. मुळावर घाव घातला तरच फांद्या वाळतात. वृंदाताईंनी आणखी एका सर्जनचे मत घ्यावे.

सर्जन_मुक्ता | सोमवार, दुपारी १:३०

मी पोटाच्या कर्करोगांच्या शस्त्रक्रिया करते. वडिलांचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे जे लिहिते ते सर्वसाधारण समजावे.

नीलकंठदादा, दुसऱ्या सर्जनचे मत घ्यावे हे तुमचे म्हणणे शंभर टक्के योग्य आहे, फक्त तो सर्जन यकृताचा असावा. या आजारात माणसाचे आयुष्य बहुतेक वेळा आतड्यातली गाठ ठरवत नाही, यकृतातल्या गाठी ठरवतात. आतड्याचे रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जाते, म्हणून पेशी तिथे पहिल्यांदा अडकतात. मूळ गाठीमुळे आतडे अडत असेल, ते फुटायची भीती असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर आधी तिचे काहीतरी करावेच लागते : ती काढायची, स्टेंट (आतडे उघडे ठेवणारी जाळीची नळी) घालायचा, किंवा वरच्या बाजूला स्टोमा (आतड्याचे तोंड पोटावर उघडणे) करायचा. पण गाठीचा त्रास नसेल तर घाईने ती काढून फायदा होत नाही. पसरलेल्या गाठी काढता येण्यासारख्या नाहीत आणि मूळ गाठ त्रास देत नाही, अशा रुग्णांवर जपानमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी मूळ गाठ काढून मग केमो दिलेल्यांचे मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगले तो काळ) २५.९ महिने होते आणि थेट केमो दिलेल्यांचे २६.७ महिने. शिवाय शस्त्रक्रियेनंतर काही गुंतागुंत झाली, तर सगळ्या शरीरावर काम करणारे औषध कित्येक आठवडे लांबणीवर पडते, आणि ते नुकसान मोठे असते.

आता यकृताविषयी. किती गाठी आहेत यापेक्षा त्या काढल्यावर मागे काय उरते, हे आम्ही आधी पाहतो. यकृत निरोगी असेल तर साधारण २० टक्के उरले तरी चालते, बरीच केमो झालेली असेल तर ३० टक्के लागते, आणि सिरॉसिस असेल तर ४० टक्के. उरणारा भाग लहान पडत असेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर आतून बंद करतात, म्हणजे चार-सहा आठवड्यांत दुसरी बाजू वाढते. गाठी दोन्ही बाजूंना असल्या तरी मार्ग बंद होत नाही. एका बाजूच्या गाठी कापून काढता येतात आणि दुसऱ्या बाजूची लहान गाठ त्याच वेळी सुई घालून उष्णतेने जाळता येते. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी जाळणे हे कापण्यापेक्षा कमी पडत नाही आणि त्यात गुंतागुंतही कमी होते, असे 'कोलिजन' नावाच्या चाचणीत दिसले आहे.

यकृतातल्या सगळ्या गाठी काढता आल्या तर पाच वर्षांनंतर साधारण चाळीस टक्के रुग्ण हयात असतात. निम्म्याहून अधिक जणांत आजार कुठे ना कुठे परत येतो, हेही मी रुग्णांना त्याच बैठकीत सांगते, कारण ते नंतर कळले तर आपली फसवणूक झाली असे त्यांना वाटते. परत आलेल्यांपैकी काहींवर पुन्हा शस्त्रक्रिया करता येते. अनुपमाताईंच्या आईचे उदाहरण त्याच प्रकारचे आहे.

नीलकंठ_६८ | सोमवार, दुपारी ३:०५

डॉक्टर, भावाला विचारून आलो. त्याचे आतडे अडले होते, चार दिवस पोट फुगून उलट्या होत होत्या, आणि त्याला रात्री शस्त्रक्रियेसाठी नेले होते. म्हणजे त्याचे कारण वेगळे होते. मी घाईने लिहिले, वृंदाताई.

तन्मय_क | सोमवार, सायंकाळी ६:५०

केमो हे जुने शस्त्र झाले. माझ्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचा हाच आजार इम्युनोथेरपीने पूर्ण गेला. दर तीन आठवड्यांनी एक सलाईन, केस गेले नाहीत, उलट्या नाहीत, आणि माणूस कामावर हजर. सरळ तीच मागून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मृण्मयी_लॅब | सोमवार, रात्री ९:१५

तन्मय, तुमच्या सहकाऱ्याला जे मिळाले ते खरे आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण तो अनुभव सगळ्यांना लागू करू नका, कारण त्या आशेवर लोक नको तिथे वेळ घालवतात. मी कर्करोगाच्या तुकड्यांवर तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पेशी दुभंगताना जनुकांच्या प्रतीत चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी एक यंत्रणा पेशीत असते. काही गाठींत ही यंत्रणाच बंद पडलेली असते. अहवालात त्याला 'डीएमएमआर' किंवा 'एमएसआय-हाय' लिहितात. अशा गाठीत इतक्या चुका साठतात की रोगप्रतिकारक पेशींना ती परकी दिसू लागते, आणि प्रतिकारशक्तीवरचा लगाम काढणारे औषध तिथे विलक्षण काम करते. पेम्ब्रोलिझुमॅबची केमोशी तुलना करणाऱ्या चाचणीत आजार न वाढता गेलेला मध्यम काळ १६.५ महिने होता, केमोच्या गटात तो ८.२ महिने होता. त्यावरून २०२० मध्ये अमेरिकेत हे औषध अशा रुग्णांसाठी पहिल्या फळीत, म्हणजे सुरुवातीचा उपचार म्हणून, मंजूर झाले. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या जोडीचे निकाल त्याहूनही आशादायक आहेत. पण पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात अशा गाठी साधारण शंभरात चार-पाच असतात. बाकीच्या पंचाण्णवांत हे औषध एकटे दिले तर जवळजवळ काहीच करत नाही. आणि त्या पाचांतही काहींचा आजार पहिल्याच स्कॅनमध्ये वाढलेला निघतो.

म्हणून तपासणी आधी, औषध नंतर. वृंदा, अहवालात पुढच्या गोष्टी शोधा.

'के-रास' आणि 'एन-रास' ही जनुके : यांत बदल असेल (जवळपास निम्म्या रुग्णांत असतो) तर सेटुक्सिमॅब आणि पॅनिट्युमुमॅब ही ईजीएफआरविरोधी औषधे काम करत नाहीत. ईजीएफआर हे पेशीला वाढीचा संदेश देणारे प्रथिन आहे, आणि ही औषधे म्हणजे पेशीच्या दारावरची ती घंटा बंद करणे होय. रासमध्ये बदल असेल तर घरातली घंटा आपोआप वाजतच राहते, दाराशी काहीही केले तरी. बदल नसेल आणि मूळ गाठ डाव्या बाजूला असेल, तर हीच औषधे पहिल्या फळीत चांगली ठरतात. 'पॅराडाइम' या चाचणीत डाव्या बाजूच्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान केमोसोबत पॅनिट्युमुमॅबने ३७.९ महिने आणि बेव्हासिझुमॅबने (गाठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या औषधाने) ३४.३ महिने होते. उजव्या बाजूच्या गाठींना हा फायदा मिळत नाही. आतडे एकच असले तरी त्याच्या दोन बाजू गर्भात वेगवेगळ्या भागांपासून तयार होतात आणि त्यांचे कर्करोगही वेगळे वागतात.

'बी-रॅफ व्ही ६०० ई' हा जनुकातला बदल : साधारण आठ-दहा टक्क्यांत असतो आणि तो आजार आक्रमक असतो. पूर्वी इथे आमच्याजवळ सांगण्यासारखे फार नसे. आता एन्कोराफेनिब, सेटुक्सिमॅब आणि केमो एकत्र दिल्यावर मध्यम आयुर्मान १५.१ वरून ३०.३ महिन्यांवर गेल्याचे 'ब्रेकवॉटर' चाचणीत दिसले. हे निकाल पहिल्यांदा वाचले तेव्हा मी हातातले काम बाजूला ठेवून ते पुन्हा वाचले होते.

'हर-२' हे प्रथिन वाढलेले असेल, किंवा 'के-रास जी १२ सी' हा विशिष्ट बदल असेल, तर त्यांचीही स्वतंत्र औषधे आहेत. दोन्ही प्रकार शंभरात तीन-चारच असतात, पण ज्याच्यात असतात त्याच्यासाठी ते सर्वस्व असते.

आणखी एक. एमएमआर (वर लिहिलेली दुरुस्तीची यंत्रणा) बिघडलेला निघाला तर 'लिंच सिंड्रोम' हा आनुवंशिक दोष आहे का, तेही पाहतात, कारण मग प्रश्न मुलांचा आणि भावंडांचाही असतो. तसा नसला तरी वडिलांच्या निदानानंतर तुमची आणि तुमच्या भावंडांची कोलोनोस्कोपी केव्हा करावी, हे त्याच डॉक्टरांना विचारून घ्या.

तन्मय_क | सोमवार, रात्री ९:५०

हे मला माहीत नव्हते. सहकाऱ्याला विचारले, त्याच्या अहवालात 'एमएसआय-हाय' असेच आहे. माझा आधीचा प्रतिसाद वाचणाऱ्यांनी मृण्मयीताईंच्या प्रतिसादासोबतच वाचावा.

वृंदा_स | मंगळवार, सकाळी ११:२०

आज डॉक्टरांना भेटले. उद्दिष्ट विचारल्यावर ते म्हणाले, "गाठी आकसल्या तर यकृताच्या सर्जनना दाखवू." मी विचारले, "आधीच दाखवले तर?" ते क्षणभर थांबले आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. जनुकीय तपासण्या पाठवलेल्याच नव्हत्या, पहिल्या स्कॅननंतर पाठवायचा विचार होता. आता तुकड्याचा ब्लॉक प्रयोगशाळेत गेला आहे, निकालाला दहा-बारा दिवस लागतील. तोवर केमो थांबवावी का?

सर्जन_मुक्ता | मंगळवार, दुपारी २:००

चिठ्ठी मिळाली हे फार चांगले झाले. वडिलांची प्रकृती उत्तम आहे, त्यामुळे दहा-बारा दिवसांनी बहुधा काही बिघडणार नाही, पण हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा आहे. अनेक ठिकाणी पहिली एक सायकल, म्हणजे केमोची एक फेरी, नुसत्या केमोने सुरू करतात आणि निकाल आल्यावर सोबतचे दुसरे औषध जोडतात.

यकृताच्या सर्जनने केमोच्या आधीचे स्कॅन पाहणे का महत्त्वाचे, तेही सांगते. केमोने कधीकधी लहान गाठी स्कॅनमधून दिसेनाशा होतात. घरच्यांना ती आनंदवार्ता वाटते, पण मला काळजी वाटते, कारण न दिसणाऱ्या गाठीत पुष्कळदा जिवंत पेशी उरलेल्या असतात आणि त्या नेमक्या कुठे आहेत ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर सापडत नाही. म्हणून सुरुवातीचा यकृताचा एमआरआय जपून ठेवा. दुसरे कारण यकृताचे. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाने यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, इरिनोटिकॅन या दुसऱ्या औषधाने त्यात चरबी साठते, म्हणून शस्त्रक्रिया होण्यासारखी झाली की आणखी केमो देत राहू नये. आणि बेव्हासिझुमॅब चालू असेल तर जखमा नीट भरण्यासाठी ते शस्त्रक्रियेच्या साधारण सहा आठवडे आधी बंद करावे लागते.

सुमेध_पाटकर | मंगळवार, रात्री ८:४०

मी रुग्ण आहे. वय ५४, गाठ आतड्यात उजव्या बाजूला, यकृतात इतक्या जागी की शस्त्रक्रियेचा विषयच निघाला नाही. तीन वर्षे झाली. घरात केमो कशी असते ते लिहितो, कारण मला सुरुवातीला तेच कोणी सांगितले नव्हते.

कॉलरबोनच्या खाली कातडीच्या आत एक पोर्ट बसवतात. दर चौदा दिवसांनी रुग्णालयात जायचे, रक्ताचे अहवाल चांगले असतील तर चार-पाच तास सलाईन, आणि मग फाइव्ह-एफयू हे औषध भरलेला पंप पोर्टला जोडून घरी. माझा पंप म्हणजे पारदर्शक बाटलीत एक फुगा आहे, तो ४६ तासांत हळूहळू आकसत जातो. पहिल्या रात्री मी दर तासाला दिवा लावून तो बघत होतो. आता पट्ट्याच्या पिशवीत ठेवतो आणि उशाशी घेऊन झोपतो. पंपाऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्याही असतात, चौदा दिवस घ्यायच्या आणि सात दिवस सुट्टी, पण त्यात तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात, त्याला पहिल्या दिवसापासून मलम लावावे.

ऑक्सॅलिप्लॅटिन ज्यांना चालू आहे त्यांना थंडी सहन होत नाही. फ्रिजचे दार उघडायला मी हातमोजे घालत असे. एकदा विसरून गार पाण्याचा घोट घेतला, तेव्हा घसा आवळल्यासारखा झाला आणि श्वास अडला असेच वाटले. दोन मिनिटांत ते गेले. पण बोटांतल्या मुंग्या साचत जातात. आठव्या सायकलला मला शर्टाची बटणे लावता येईनात. मी ते डॉक्टरांपासून लपवले, कारण औषध कमी करतील अशी भीती वाटली. ही माझी मोठी चूक झाली. औषध बंद केल्यावरही काही महिने बधिरता वाढत राहते आणि माझ्या पायाला ती अजून आहे. ऑक्सॅलिप्लॅटिन वेळेवर थांबवून उरलेली औषधे चालू ठेवणे ही नेहमीची पद्धत आहे, त्याला माघार समजू नये.

वृंदाताई, वडिलांना दर भेटीत विचारा : बटण लागते का, सुईत दोरा ओवता येतो का?

कमलिनी_र | बुधवार, सकाळी ७:१५

सुमेधदादांनी लिहिले ते वाचून मलाही लिहावेसे वाटले. माझ्या यजमानांना पहिल्या सायकलच्या नवव्या दिवशी ताप आला, १०१ होता. एका रुग्णालयात फोन केला, तर "पॅरासिटामॉल द्या आणि उद्या या" असे सांगितले. पहाटेपर्यंत त्यांचा रक्तदाब इतका घसरला होता की अतिदक्षता विभागात अकरा दिवस काढावे लागले. तोंडात फोड, जुलाब, पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य. नंतर कळले की फाइव्ह-एफयू शरीरातून काढून टाकणारे डीपीडी हे विकर (एन्झाइम) त्यांच्यात अपुरे होते, त्यामुळे नेहमीची मात्रा त्यांना कित्येक पटींनी लागली.

युरोपच्या औषध नियामकाने २०२० पासून फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिन सुरू करण्याआधी ही तपासणी करावी अशी शिफारस केली आहे. साधी रक्ताची तपासणी आहे. आम्हाला तिचे नावही कोणी सांगितले नव्हते. वृंदा, पहिल्या सायकलच्या आधी ती मागा. आणि केमो चालू असताना १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी माणसाला घेऊन निघायचे, कोणी फोनवर काहीही सांगो. यजमान वाचले, कमी केलेल्या मात्रेवर पुढे दीड वर्ष उपचार झाले. पण ती रात्र मी विसरत नाही.

मृण्मयी_लॅब | बुधवार, सकाळी ९:३०

कमलिनीताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. याच्या जोडीला 'यूजीटी१ए१' हे जनुक लक्षात ठेवावे. त्यात विशिष्ट बदल असलेल्यांना इरिनोटिकॅन जास्त बाधते. आणि इरिनोटिकॅनचे जुलाब उशिरा, काही दिवसांनीही सुरू होतात, म्हणून लोपरामाइड हे जुलाब थांबवणारे औषध घरात आधीच आणून ठेवतात आणि ते कसे घ्यायचे ते लिहून घेतात.

अभिजात_व | बुधवार, दुपारी १२:१०

पोटाच्या आवरणात पसरलेल्या आजाराचा अनुभव इथे आला नाही, म्हणून लिहितो. माझ्या पत्नीवर पोटातल्या सगळ्या दिसणाऱ्या गाठी काढून मग गरम केमोने पोट धुण्याची, म्हणजे हायपेकची, शस्त्रक्रिया झाली. नऊ तास लागले. चार वर्षे झाली, ती बरी आहे, आणि ते गरम औषध नसते तर ती आज नसती अशी माझी खात्री आहे. मोठ्या केंद्रात जाऊन याची चौकशी जरूर करावी.

सर्जन_मुक्ता | बुधवार, सायंकाळी ५:४५

अभिजातजी, तुमच्या पत्नी बऱ्या आहेत याचा फार आनंद झाला. तरी एक भेद स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. फ्रान्समधल्या 'प्रोडिज ७' चाचणीत सगळ्या गाठी काढल्यावर निम्म्या रुग्णांना गरम ऑक्सॅलिप्लॅटिन दिले आणि निम्म्यांना दिले नाही. मध्यम आयुर्मान ४१.७ आणि ४१.२ महिने आले, म्हणजे फरक नाही, आणि दोन महिन्यांच्या आत होणारी गंभीर गुंतागुंत गरम औषधाच्या गटात अधिक होती. दोन्ही गटांतली माणसे साडेतीन वर्षांच्या आसपास जगली, याचे श्रेय गाठी एकूण एक काढण्याला जाते. म्हणून पोटाच्या आवरणात आजार असेल तर असे बारकाईचे काम नेहमी करणाऱ्या सर्जनचे मत घ्यावेच, आणि गरम औषध द्यायचे की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

अभिजात_व | बुधवार, सायंकाळी ६:२०

माझे मन हे मान्य करायला तयार होत नाही, पण आकडे समजले.

रोहिणी_दे | गुरुवार, सकाळी १०:००

आमच्याकडे गुदाशयाच्या खालच्या भागाचा आजार होता आणि तो यकृत सोडून थेट फुप्फुसात गेला. त्या भागातल्या काही शिरा पोर्टल शिरेला न मिळता शरीराच्या मोठ्या शिरेला मिळतात, त्यामुळे असे होते, असे आम्हाला सांगितले. दोन लहान गाठी होत्या, त्यांवर नेमका किरणोपचार केला, एकूण पाच बैठका. दोन वर्षे त्या जागी काही नाही.

शरयू_मो | गुरुवार, रात्री १०:३०

इथे पुढे नेणाऱ्या उपचारांविषयी पुष्कळ आले आणि ते यायलाच हवे. मी दुसऱ्या टोकाविषयी लिहिते. माझ्या पतींना पहिली फळी चौदा महिने लागू पडली, दुसरी पाच महिने. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिलच्या गोळ्या आणि बेव्हासिझुमॅब सुचवले. आम्ही विचारले, किती फरक पडेल? त्यांनी खरे उत्तर दिले, त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन : नुसत्या गोळ्यांनी मध्यम आयुर्मान साडेसात महिने आणि जोडीने सुमारे पावणेअकरा महिने, असे २०२३ च्या चाचणीत आहे. रेगोराफेनिब आणि फ्रुक्विन्टिनिब याही गोळ्या त्या टप्प्यावर असतात. पतींनी चार महिने घेतल्या आणि मग, "आता पुरे," म्हणाले.

वेदनाशमन करणारी, पॅलिएटिव्ह केअरची डॉक्टर आमच्याकडे पहिल्या फळीपासूनच येत होती, म्हणून हा निर्णय घेताना आम्हाला कोणी अनोळखी माणूस भेटला नाही. मळमळ, झोप, बद्धकोष्ठता, भीती या सगळ्यांवर तिने काम केले. शेवटची सात आठवडे ते घरी होते आणि वेदना आटोक्यात होती. ही मदत केमो थांबल्यावर मागायची असते, असा समज आहे. ती पहिल्या महिन्यातच मागावी, उपचार चालू असतानाच.

सुमेध_पाटकर | शुक्रवार, सकाळी ६:५०

शरयूताई, मी आता दुसऱ्या फळीवर आहे. तुमचा प्रतिसाद पत्नीला वाचून दाखवला. आज त्या विभागात नाव नोंदवणार आहोत.

तन्मय_क | शुक्रवार, दुपारी १:१५

यकृतातल्या गाठी काढताच येत नसतील तर पूर्ण यकृतच बदलता येत नाही का? हा प्रश्न अडाणी असेल तर क्षमस्व.

सर्जन_मुक्ता | शुक्रवार, रात्री ९:००

अजिबात अडाणी नाही, हा प्रश्न सध्या आमच्या परिषदांत सर्वांत जास्त चर्चेत आहे. 'ट्रान्समेट' चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. फक्त यकृतातच आजार, मूळ गाठ आधी काढलेली, केमोला दीर्घकाळ उत्तम प्रतिसाद, बी-रॅफ बदल नाही, अशा ९४ निवडक रुग्णांत पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण प्रत्यारोपण व केमोने ५६.६ टक्के आणि नुसत्या केमोने १२.६ टक्के आले. फरक प्रचंड आहे, पण निवडही तितकीच कडक आहे, आणि यकृतांचा तुटवडा सगळीकडे आहे. मोजक्या रुग्णांसाठीच हा मार्ग आहे, तरीही दहा वर्षांपूर्वी आम्ही याला सरळ नकार देत असू.

वृंदा_स | पुढच्या आठवड्यातला शनिवार, सायंकाळी ७:३०

निकाल आले. एमएमआर शाबूत, बी-रॅफ नाही, हर-२ नाही, आणि के-रासमध्ये बदल आहे, 'जी १२ डी'. म्हणजे इम्युनोथेरपी नाही, ईजीएफआरविरोधी औषध नाही, जी १२ सी वाले औषधही नाही. अहवाल हातात घेऊन मी गाडीत बराच वेळ बसून राहिले. मृण्मयीताईंचा प्रतिसाद पुन्हा वाचला, त्यात यानंतर काय असा रकाना नव्हता.

पण त्याच दिवशी यकृताच्या सर्जनना भेटलो. एमआरआयमध्ये चार नव्हे, पाच गाठी आहेत. त्यांनी पडद्यावर यकृत फिरवून दाखवले आणि वडिलांना म्हणाले, "ही बाजू काढायची, ही इथली लहान गाठ जाळायची, आणि हे एवढे तुमच्याकडे राहील." ते सध्या ३४ टक्के भरते. ट्युमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या विभागांच्या डॉक्टरांच्या बैठकीत, ठरले ते असे : फॉलफॉक्स (फाइव्ह-एफयू आणि ऑक्सॅलिप्लॅटिन असलेली केमो) आणि बेव्हासिझुमॅब, बेव्हासिझुमॅब फक्त पहिल्या काही सायकल, आठ आठवड्यांनी स्कॅन, आणि आजार वाढला नसेल तर शस्त्रक्रिया. आतड्यातली गाठ त्याच वेळी काढायची की वेगळ्या वेळी, ते नंतर ठरेल. डीपीडीची तपासणी झाली, विकर पुरेसे आहे.

मंगळवारी पोर्ट बसणार आहे. वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि घरी आल्यावर एकच प्रश्न विचारला, तो सुमेधदादांसाठी आहे. पंप लावलेला असताना सकाळी चालायला जाता येते का?

सुमेध_पाटकर | शनिवार, रात्री ८:१०

येते. मी जातो. नळी शर्टाच्या आतून घ्यायची आणि तिला थोडा सैल वळसा देऊन चिकटपट्टीने छातीला लावायची, म्हणजे हात हलवताना पोर्टची सुई ओढली जात नाही. पिशवी पोटावर बांधावी, खांद्याला नको. फुगा उन्हात ठेवू नये, तो गरम झाला की औषध ठरल्यापेक्षा लवकर जाते. हवा गार असेल तर तोंडाला रुमाल आणि हातात मोजे. पहिल्या सायकलला चार किलोमीटरचा हट्ट नको, घराच्या आसपास दोन फेऱ्या मारून पाहाव्यात, आणि सोबत तुम्ही चला.